परत आलेली गाठ जाळून टाकावी का?

नाकाजवळची बेसल सेल गाठ (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) परत आली तर खरवडून जाळली की झालं, असं एकाने लिहिलंय; ते मत पटलं नाही. जुन्या व्रणाखाली पेशी वेड्यावाकड्या पसरतात, वरून काहीच कळत नाही. चेहऱ्यावर तरी मोह्‌ज शस्त्रक्रियेचा विचार आधी करावा. पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेतून पुढचा थर. तोवर पेशंट पट्टी लावून बसलेला! वेळखाऊ आहे, पण नेहमीच्या पद्धतीत कडेचे मोजकेच काप तपासले जातात. मोह्‌जची सोय नसेल तर गाठीभोवतीची निरोगी त्वचाही रुंद कडेसारखी घेऊन गाठ काढणं आलं; मात्र कडेच्या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवून जखम झाकणं) थांबवता येईल का, हे सर्जनला जरूर विचारा. मेलानोमा (त्वचेचा दुसरा, जास्त घातक कॅन्सर) परतला असेल तर आधी स्कॅन आणि लिम्फ नोडची (लसिका ग्रंथींची) तपासणी, मग चाकू.