थ्रॉटल जुळवायचं कुठे: रेडिओच्या पडद्यावर की लिंकेजच्या भोकात?

सड्यावरचा (डिचोली)
सड्यावर कुणी ग्लो इंजिनचं (मेथॅनॉलवर चालणारं छोटं इंजिन) रेडिओवर उडवायचं मॉडेल विमान आणलं की मी आधी थ्रॉटलची जोडणी, म्हणजे लिंकेज, बघतो. बहुतेकांत एकच प्रकार. पुशरॉड (जोडणारी सळी) सर्व्होच्या (रेडिओच्या हुकमानं आर्म फिरवणारी छोटी मोटर) आर्मवर सगळ्यात बाहेरच्या भोकात, कार्बच्या (कार्बोरेटरच्या) आर्मवर सगळ्यात आतल्या. मग बॅरल (कार्बमधली हवेची वाट उघडणारा-मिटणारा फिरता भाग) टोकाला जाऊन अडतो, सर्व्हो गुरगुरतो आणि उपाय म्हणून ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट (सर्व्होच्या चालीची मर्यादा) ५०-५५ टक्क्यांवर आणलेला असतो. गुरगुर थांबली की काम झालं असं धरून चालतात.

हे चूक आहे. स्टिक मध्यावर असताना सर्व्होचा आर्म पुशरॉडला काटकोनात आणि बॅरल अर्धा उघडा, सुरुवात इथून हवी. सर्व्होकडे आतलं भोक घेतलं की चाल कमी होते, कार्बकडे बाहेरचं घेतलं तरी कमी होते. एंड पॉइंट १०० च्या आसपास ठेवून स्टिक वर नेली की बॅरल पूर्ण उघडला पाहिजे. स्टिक आणि ट्रिम (स्टिकशेजारची बारीक फरकाची कळ) दोन्ही खाली नेली की पूर्ण मिटला पाहिजे. ट्रिम मध्यावर ठेवून नुसती स्टिक खाली घेतली तर साधारण १ मिलिमीटर फट राहावी. रेडिओतले आकडे त्यानंतरच्या किरकोळ दुरुस्तीसाठी.

मडगावचा_पायलट
दादा, नाही पटलं. एंड पॉइंटची सोय कंपन्यांनी याचसाठी दिली आहे. भोक बदलायचं तर काउल (इंजिनावरचं आवरण) काढा, कधी टाकी काढा, कधी इंजिनच उतरवा. पडद्यावर तेच दोन मिनिटांत होतं. आणि ४० साइजच्या इंजिनचा बॅरल बोटानंसुद्धा सहज फिरतो, त्याला सर्व्होची ताकद लागतेच किती? एलेव्हेटरला तुमचा नियम मान्य. थ्रॉटलला एवढं सोवळं कशाला?

सड्यावरचा (डिचोली)
ताकदीचा मुद्दा सोडून दिला. ढिलेपणाचा सोडणार नाही. इंजिन बंद, रिसीव्हर (विमानातला रेडिओ) चालू ठेवा आणि सर्व्होच्या आर्मचं टोक बोटानं हलवून बघा. गिअरच्या दातांतला जो खेळ असतो तो लागेल. आर्म जितका लांब तितका तो टोकाला जास्त. आयडलला (इंजिनाच्या मंद चालीला) फट उरते जेमतेम १ मिलिमीटर, तिथे एवढ्याशानं फरक पडतो. म्हणून एकदा स्टिक खाली घेतली की इंजिन छान फुरफुरतं आणि पुढच्या वेळी त्याच स्टिकवर बंद पडतं. शिवाय एंड पॉइंट अर्धा केला की सर्व्होच्या पायऱ्याही अर्ध्याच उरतात. हे तुम्ही कुठल्या मेनूत दुरुस्त करणार?

फोंड्याचा_काका
दोघेही भांडताय ते ठीक, पण आयडलला इंजिन बंद पडण्याचं कारण मला तरी बहुतेक वेळा निडलमध्ये (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) सापडलं आहे. आधी हाय-स्पीड निडल. फुल थ्रॉटलवर सर्वांत जास्त आरपीएम मिळाले की निडल थोडी उघडून २००-३०० ने खाली या. मग मदतनिसाला विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे करायला सांगा. आवाज बसला तर अजून लीन (इंधन कमी) आहे. हे झाल्याशिवाय लो निडलला हात लावू नका.

लो निडलची परीक्षा सोपी आहे. इंजिन थोडा वेळ मंद चालू द्या आणि स्टिक झटकन वर न्या. धूर सोडत, गडगडत, अडखळत चढलं तर रिच (इंधन जास्त). एकदम गप्प झालं तर लीन. एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा, आणि प्रत्येक वेळी पंख्याच्या मागून. फिरत्या पंख्यावरून पुढून हात नेणारे मी पाहिले आहेत, कृपा करून तसं करू नका.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. मेअखेर हवा दमट आणि गरम झाली की त्याच निडलवर इंजिन रिच चालतं, कारण हवेत ऑक्सिजन कमी. मेथॅनॉल ओलावाही ओढतं, म्हणून डबा घट्ट बंद हवा. हे न पाहता लोक ट्रिम वर वर नेतात. आयडल वाढलं की विमान उतरायलाच तयार नसतं. कापणीनंतरच्या शेतातली आपली पट्टी ती केवढी, तरंगत जाऊन मेरेवर आपटतं.

पर्वरीकर_ई
इलेक्ट्रिक घ्या, हा सगळा त्रासच संपेल.

मडगावचा_पायलट
नाही संपत. ईएससीलाही (इलेक्ट्रिक मोटरचा वेग सांभाळणारा सर्किट) स्टिकची दोन्ही टोकं शिकवावी लागतात, आणि तिथे ती रेडिओवरूनच शिकवायची असतात. म्हणजे एंड पॉइंट हे काही आळशी माणसाचं हत्यार नव्हे.

काका, निडलचं सगळं मान्य. पण मला लिंकेजपेक्षा फेलसेफची (सिग्नल गेला की थ्रॉटल आपोआप कुठे जावा ती सोय) काळजी जास्त वाटते, आणि त्याबद्दल इथे कुणी बोललंच नाही. बऱ्याच रिसीव्हरमध्ये फेलसेफची जागा बाइंड करतानाच (रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी लावताना) साठवली जाते. नंतर कुणी थ्रॉटल चॅनल रिव्हर्स केला तर सिग्नल गेल्यावर इंजिन बंद होण्याऐवजी फुल थ्रॉटलवर जातं. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ, पेडण्यात २०२३ पासून मोपा विमानतळ सुरू. ताबा सुटलेलं विमान इथे पूर्ण वेगानं जाता कामा नये.

सड्यावरचा (डिचोली)
यावर वाद नाही. मीही एक जोडतो: पुशरॉड उलट्या बाजूच्या भोकात टाकला तरीही फेलसेफ उलटतो, म्हणून भोक बदललं की फेलसेफ पुन्हा तपासायचा. विमान बांधून, इंजिन बंद ठेवून, ट्रान्समीटर बंद करा आणि बॅरल कुठे जातो ते डोळ्यांनी बघा.

एंड पॉइंटबद्दल मात्र मत तेच. ईएससीला दात नसतात, सर्व्होला असतात.

मडगावचा_पायलट
ढिलेपणाचा मुद्दा उद्या बेंचवर तपासतो. पण काउल फक्त त्यासाठी उतरवणार नाही. बेअरिंग धुवायला इंजिन निघेल तेव्हाच भोक बदलेन. तोवर माझे ६० टक्के राहतील.

फोंड्याचा_काका
राहू देत, पण क्लेव्हिसवर (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवून ठेवा. थरथरीनं क्लेव्हिस सुटला तर ६० काय नि १०० काय. आणि पुशरॉड नायलॉनचा असेल तर आयडल सकाळी सातला नाही, ऊन चढल्यावर तपासा, तो उन्हात लांबतो.