वरंध घाट : गडाच्या पोटातून गेलेला रस्ता

वरंध घाटातून जाणारा भोर-महाड रस्ता इंग्रजांनीच शोधला, असं काही जण म्हणतात. गाडीरस्ता त्यांच्या काळातला खरा, पण वाट फार जुनी. घाटमाथ्याजवळ वाघजाईचं देऊळ लागतं ना, तिथे भजी-चहाच्या टपऱ्यांपाशी सगळे थांबतात. पुढच्या वेळी देवळाजवळची कातळात खोदलेली पाण्याची टाकी जरूर बघा. वाटसरू आणि पहारेकरी असल्याशिवाय अशा जागी टाकी कोण खोदेल?

आणि आपण उभे असतो ते कावळ्या किल्ल्यातच! रस्त्याने गडाचे सरळ दोन तुकडे केलेत, म्हणून तो लक्षातच येत नाही. घाटाच्या अलीकडे, भोरच्या बाजूला, हिरडस मावळ या डोंगरी मुलखात मोहनगड आहे. तो नीट वसवण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६५९ मध्ये बाजीप्रभूंना पत्र लिहिलं होतं. एवढी राखण होती या वाटेवर.

भोरकडून नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठाने येताना चढ फारसा कळत नाही. वाघजाईनंतर मात्र एकदम कोकण उघडतं, खाली शिवथरचं खोरं दिसतं. उतरताना माझेरी, वरंध, मग बिरवाडीवरून महाड. पावसाळ्यात दरडी येतात, घाट बंदही ठेवतात. निघण्याआधी चौकशी कराच.