महागडा घडीचा चाकू हातात घेऊन पारखायचा कसा? (मदत हवी आहे)

खाजनकाठचा

मंडळी नमस्कार, विषय जरा वेगळा आहे पण इथं टूलरूमवाले, मासेमारीवाले, सगळेच आहेत म्हणून विचारतोय.

वास्कोला ओळखीचे एक काका आहेत, आयुष्य तारवावर गेलं, आता रिटायर होऊन घरी असतात. त्यांच्याकडे ख्रिस रीव्ह या अमेरिकन कंपनीचा सेबेंझा २१ हा घडीचा चाकू आहे, मोठा साईज, टायटॅनियमची मूठ, पातं एस३५व्हीएन नावाच्या स्टीलचं. तो ते विकायला काढतायत आणि सांगतायत तीस हजार. घरी नुसता आकडा बोललो तर आई म्हणाली तीस हजारांत काय नारळ आपोआप खवला जातो का, आपली आदोळी (विळी) काय वाईट आहे. तर घरचा पाठिंबा शून्य समजा.

माझ्याकडे आत्ता एक चायनीज चाकू आहे, तीनेक हजारांचा, डी२ स्टीलचा. कापतो मस्त, पण पहिल्याच पावसात पात्यावर नारिंगी ठिपके आले, आणि पिव्हटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू आवळला की पातं उघडेना, सैल केला की डुगडुगतंय.

गेला महिनाभर नेटवर वाचतोय आणि जिकडे बघावं तिकडे स्टीलच. एस३०व्ही, एस३५, एस४५, मॅग्नाकट, अमक्याचं एचआरसी (कडकपणाचा आकडा) किती नि तमक्याचं किती. अहो पण काकांच्या बाल्कनीत बसून मला ते स्टील दिसणार आहे का? माझ्या हातात असणार फक्त चाकू आणि फार तर अर्धा तास, काका चहा आणेपर्यंतचा. तेवढ्यात नक्की काय बघायचं ते सांगा. खरा आहे की नकली, झिजलाय का, आणि मुख्य म्हणजे हे पैसे चाकूच्या कुठल्या भागाचे असतात? नुसत्या नावाचे असतील तर तसंही सांगा, वाईट वाटणार नाही.

आणि खिशात ठेवून फिरलं तर पोलिसांची कटकट होते का, तेही कुणाला माहीत असल्यास लिहा.

टूलरूमवाला

वेर्ण्याला डाय-मोल्डच्या कामात आहे, चाकूंचा नाद जुना. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय भाऊ, फक्त लक्षात आलं नाही. आवळला की उघडेना, सैल केला की डुगडुगतंय, हीच ती परीक्षा. दोन्हीच्या मधली जागा, म्हणजे पातं जराही हलत नाही तरी मोकळं फिरतं, ती सापडते की नाही एवढं बघायचं. ती सापडायला पात्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतर लागतात, मुठीच्या दोन्ही प्लेटा आतून सपाट लागतात, पिव्हटचं भोक काटकोनात लागतं. यातलं एक जरी चुकलं तरी स्क्रूनं ते भरून निघत नाही, स्क्रू फक्त चूक दाबून धरतो.

मोठ्या सेबेंझा २१ मध्ये तर आणखी गंमत आहे. त्यात पिव्हटवर बुशिंग, म्हणजे छोटी धातूची नळी आहे. पातं आणि दोन्ही बाजूंचे फॉस्फर ब्रॉन्झचे वॉशर मिळून जेवढी जाडी होते त्याहून बुशिंग अगदी किंचित लांब, काही मायक्रॉनचा मामला. म्हणून त्याचा पिव्हट अंदाजानं ॲडजस्ट करायचा नसतो, शेवटपर्यंत आवळायचा, आणि पूर्ण आवळूनही पातं गुळगुळीत फिरलं पाहिजे आणि बाजूला हलता कामा नये. असं एक बुशिंग मी करून देईन हो, तासभर लॅपिंग (बारीक घासून माप आणणं) करत बसेन. पण शेकड्यानं करायचे आणि प्रत्येक चाकूत तेच जमलं पाहिजे, पैसे त्याचे आहेत. नावाचेही आहेत थोडे, खोटं कशाला बोलू.

आता बाल्कनीत काय करायचं. आधी नुसता बंद चाकू उजेडाकडे धरून वरून बघा, पातं दोन प्लेटांच्या बरोब्बर मध्ये बसलंय का. मग अगदी हळू उघडा, झटका न देता, आणि लॉक कुठं येऊन थांबतं ते बघा. हे फ्रेम लॉक आहे, म्हणजे मुठीच्याच प्लेटची एक पट्टी आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते. पात्याच्या जाडीच्या साधारण निम्म्यापर्यंत आली असेल तर छान. पार पलीकडच्या प्लेटला जाऊन भिडली असेल तर लॉक झिजलंय, किंवा कुणीतरी वर्षानुवर्षं झटक्यानं उघडून खेळलंय. टायटॅनियम स्टीलपेक्षा मऊ, त्यामुळे झीज होणार ती तिथंच. याच कारणानं नंतरच्या ३१ मॉडेलात लॉकच्या तोंडाशी सिरॅमिकची गोळी बसवली, आणि बऱ्याच कंपन्या तिथं स्टीलचा तुकडा लावतात.

मग उघडं पातं पाठीकडून चिमटीत धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. बाजूला हललं तर पिव्हट आवळून पुन्हा बघता येतं. वर-खाली हललं तर ते लॉकचं दुखणं, चाकू परत ठेवून चहा पिऊन या. यूट्यूबवर पाठ टेबलावर आपटून लॉक तपासतात तसलं काही काकांच्या देखत करू नका, त्यातून कळत काही नाही आणि चाकूही खराब.

स्क्रूची तोंडं बघायला विसरू नका. हा चाकू खोलून साफ करायला कंपनी स्वतःच सांगते, त्यामुळे खोललेला असण्यात वावगं नाही. पण तोंडं चेंदलेली असतील तर चुकीच्या पान्यानं खोललाय, आत काय केलं असेल देव जाणे. नकलीचं म्हणाल तर सेबेंझाच्या नकला ढिगानं आहेत. अस्सल चाकूसोबत बनवल्याची तारीख लिहिलेलं छोटं कार्ड येतं, ते मागा. कार्ड हरवलं म्हणाले तरी लगेच संशय घेऊ नका, मात्र मग बाकीची तपासणी दुप्पट करा.

स्टीलबद्दल तुमचं बरोबर, ते दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे हीट ट्रीटमेंट, म्हणजे स्टील तापवून कडक कसं केलं ते दिसत नाही, आणि सगळा खेळ तिथं. तेच एस३५ एकानं नीट कडक केलं तर महिनाभर धार धरेल, दुसऱ्यानं घाईत केलं तर भाजी कापतानाच मुडपेल. ते फक्त कंपनीच्या विश्वासावर घ्यायचं असतं.

रापणकार

दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त खाऱ्या हवेचं सांगतो. डी२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलं बरंचसं कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकलेलं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस नाहीच, गोव्यात पावसाळ्यात ठिपके येणारच. एस३५ त्यापेक्षा खूप बरं पण मासळी कापून तसंच मिटून ठेवाल तर त्यालाही डाग पडतील. होडीवर नेणार असाल तर स्पायडर्को कंपनीची सॉल्ट मालिका बघा, त्यात पूर्वी यायचं ते एच१ स्टील मिठाला जवळजवळ दाद देत नाही. धार लवकर जाते, पण समुद्रावर गंज जास्त छळतो. २०२१ ला आलेलं मॅग्नाकट स्टील दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतं.

अजून एक, हल्ली सगळ्यांना बॉल बेअरिंगवाला चाकू हवा, बोट लावलं की पातं सटकन बाहेर. दुकानात मजा वाटते. पण बेअरिंगवर जरा वाकडं पातंही लोण्यासारखं फिरतं, म्हणून नुसतं सटासट उघडतंय यावरून क्वालिटी ठरवू नका. आणि किनाऱ्यावरची बारीक रेती त्यात शिरली की करकर सुरू. वॉशरवाला पुसला की झालं.

सुरंगी

अवांतर, पण महागडा म्हणजे टायटॅनियमच असं नाही हां. माझ्या भावानं फ्रान्सहून लागिओल आणला, शिंगाची मूठ, पाठीवर ती धातूची माशी, लागिओलची खूण. ते नाव कुठल्या एका कंपनीचं नाही, त्यामुळे त्याच नावाचा दोनशे रुपयांचाही मिळतो आणि वीस हजारांचाही. भारीतल्यात माशी आणि पाठीची स्प्रिंग एकाच तुकड्यातून घडवलेली असते, स्वस्तातल्यात माशी वेगळी करून चिकटवतात, भिंग लावलं की सांधा दिसतो. यात लॉक नसतं, नुसती स्प्रिंग, म्हणून उजेडाकडे धरून स्प्रिंग आणि प्लेटच्या मधून प्रकाश झिरपतो का ते बघायचं. झिरपला तर फिटिंग ढिलं.

आणि ज्यांना हे सगळं परवडत नाही त्यांनी ओपिनेल घ्यावा. १८९० पासून बनतोय, लाकडी मूठ, साधी फिरती रिंग म्हणजे लॉक. फक्त आपल्याकडे जुलैत ती मूठ फुगते आणि पातं जुन्या घराच्या दारासारखं अडून बसतं. मी मुठीला जवसाचं तेल पाजते, फरक पडतो.

डिचोलीकर

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाचे सोडून. तुमचं पातं साडेतीन इंचांच्या आसपास, त्यामुळे लांबीचा प्रश्न नाही. तरी जत्रेत, बारमध्ये, निवडणुकीच्या बंदोबस्तात खिशात नेऊ नका. समोरचा हवालदार इंच मोजत बसत नाही. विमानात केबिन बॅगेत अजिबात नाही, मोपा असो की दाबोळी, चेक-इनमध्येच टाका.

खाजनकाठचा

सगळ्यांचे आभार, टूलरूमवाले दादांचे विशेष. काल जाऊन बघून आलो.

कार्ड आहे, डब्यासकट. पातं मध्यावर. लॉक निम्म्याच्या जरासं पुढं येतं, हळू उघडलं तरी आणि जोरात उघडलं तरी तिथंच. काकांकडे पाना होता, त्यांच्यासमोरच पिव्हट पूर्ण आवळला आणि पातं तरीही सायीतून फिरल्यासारखं फिरलं. माझा डी२ मुद्दाम बरोबर नेला होता, तो त्याच्याशेजारी उघडून बघितल्यावर तुम्ही काय म्हणत होता ते हातालाच कळलं.

पण धार बघितली आणि शंका आली. एका बाजूची धारेची पट्टी टोकाकडे चांगलीच रुंद झालीय, दुसरीकडे बारीक, आणि टोक पण नेटवरच्या फोटोपेक्षा आखूड वाटतंय. विचारलं तर काका सहज म्हणाले, बोटीवरच्या एका मोटरमननं (इंजिन रूममधल्या कामगारानं) ग्राइंडरवर लावून दिली होती धार, काय झकास लागली होती. मी काही बोललो नाही. आता हे सुधारतं का? आणि भाव किती पाडून मागायचा?

टूलरूमवाला

अरे देवा, मोटरमन!

बाकी सगळं जमतंय तर माल चांगला आहे. धारेची पट्टी वाकडी असणं हे दिसायला वाईट, पण कामाला फारसं आड येत नाही. काळजी फक्त उष्णतेची. कोरड्या ग्राइंडरवर धारेचा पातळ भाग क्षणात तापतो आणि तेवढाच पट्टा मऊ पडतो. टोकाजवळ पिवळट, तपकिरी किंवा निळसर झाक आहे का ते दिवसाच्या उजेडात बघा. झाक दिसली तर जळलंय हे नक्की. दिसली नाही तरी वाचलंय असं धरू नका, रंग नंतर घासून जातो. साध्या सहाणेच्या नादी लागू नका, या स्टीलला डायमंडचा दगड बरा पडतो. त्यावर पाणी लावून हातानं धार करा, चार-पाचदा धार झाली की जळालेला थर बहुतेक निघून जातो आणि खालचं कडक स्टील लागतं. टोकही त्यातच सावकाश परत आणता येईल, घाई नको. कंपनी जुने चाकू सर्व्हिसला घेते, पण इथून अमेरिकेत आयडाहोला पाठवायचं म्हणजे खर्च आणि कस्टमचे कागद, मी तरी पाठवणार नाही.

भावाचं म्हणाल तर ३१ नवा घ्यायला गेलं तर चारशे डॉलरच्या पुढेच जातो, वर ड्युटी. हा जुना, टोक आखूड. बावीस म्हणा, पंचविसाला तुटेल. आणि घेतलात की पहिल्याच रविवारी वेर्ण्याला घेऊन या, डायमंडचे दगड माझ्याकडे आहेत.