बेकन-चीज ऑम्लेट: बेकन अंड्यात शिजवायचं की शेवटी घडीत घालायचं?

खरपूस (धागाकर्ता)

बेकन-चीज ऑम्लेटची कृती बहुतेक ठिकाणी अशी सुरू होते: पॅनमध्ये बेकन (मीठ लावून मुरवलेलं डुकराचं मांस) परता आणि त्यावरच फेटलेली अंडी ओता. माझ्या मते ऑम्लेट तिथेच बिघडतं. बेकन आधी वेगळं करून बाजूला काढावं, पॅन पुसून घ्यावा, अंडी लोण्यात करावीत आणि बेकन घडी घालायच्या क्षणी आत टाकावं.

पहिलं कारण म्हणजे आच. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२-६३ अंशांना घट्ट व्हायला लागतो, बलक ६५ ते ७० अंशांत, आणि दोन्ही एकत्र फेटले की ७३च्या आसपास ऑम्लेट धरतं. त्यापुढे गेलात की प्रथिनं आवळली जातात, पाणी सोडतात आणि ऑम्लेट चिवट होतं. बेकनला मात्र खरपूस रंग यायला १४० अंशांच्या वर जावं लागतं. बेकन नुकतंच झालेल्या पॅनमध्ये अंडी ओतली तर खालचा थर दहा सेकंदांत तपकिरी होतो आणि वरचा कच्चाच राहतो.

दुसरं कारण पॅनच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर. अनेक प्रकारचं बेकन मुरवताना मिठाबरोबर साखरही वापरतात. ती साखर आणि मांसातला रस तळाला धरतो, अंडं नेमकं त्यालाच चिकटतं. उलटून पाहिलं की काळपट ठिपके दिसतात आणि चव कडवट लागते.

तिसरं, अंड्यात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. कुरकुरीत बेकन ओल्या अंड्यात गेलं की दोन-तीन मिनिटांत ते चामड्यासारखं होतं. मग आधी कुरकुरीत करण्याचा खटाटोप कशासाठी?

तीन अंड्यांसाठी माझं प्रमाण: बेकनच्या २ ते ३ पट्ट्या (कच्च्या साधारण ६० ग्रॅम, शिजून वजन निम्म्याहून कमी होतं), चीज ३० ग्रॅम, लोणी १ चहाचा चमचा, पॅन २० सेंटीमीटरचा. यापेक्षा मोठा पॅन घेतला तर थर पातळ पडतो आणि चीज वितळेपर्यंत अंडं कोरडं होतं.

---

एकच_पॅन

असहमत. बेकन वेगळं काढायला माझी हरकत नाही, पॅन पुसायला आहे.

बेकनचा धुरकट वास ज्या घटकांमुळे येतो त्यातले बरेचसे चरबीत विरघळतात. म्हणजे जी चव हवी म्हणून बेकन आणलं, तीच तुम्ही कागदाने पुसून टाकता आणि वर लोणी घालता. मग अंडं एका चवीचं, बेकन दुसऱ्या चवीचं. ऑम्लेटच्या पोटात नुसते तुकडे राहतात.

खाली लागतं ते बेकनमुळे नाही, घाईमुळे. तापलेल्या पॅनमध्ये बेकन टाकलं की पृष्ठभाग आधी भाजला जातो, चरबी आतच अडकते आणि तळ काळा पडतो. योग्य पद्धत अशी:

बेकनचे सेंटीमीटरभर रुंद तुकडे करून थंड पॅनमध्ये पसरा. दोन मोठे चमचे पाणी घाला. आच मंद ते मध्यम. पाणी आटेपर्यंत तापमान शंभराच्या आसपासच राहतं, त्यामुळे तुकडे भाजण्याआधी चरबी हळूहळू सुटते. पाणी आटल्यावर चरचर आवाज बदलतो, तिथून ढवळत राहायचं. एकूण ८ ते १० मिनिटं. चरबीवर बारीक पांढरा फेस यायला लागला की तुकड्यांमधलं पाणी संपत आलं. हीच खूण, लगेच तुकडे काढा. मिनिटभर उशीर झाला तर करपलेच समजा. रंगावर विसंबू नका, कारण मुरवताना वापरलेल्या नायट्राइट या क्षारामुळे बेकन पूर्ण शिजल्यावरही गुलाबीच दिसतं.

मग सगळी चरबी वाटीत बारीक गाळणीने गाळा आणि त्यातली दोन चहाचे चमचेच पॅनमध्ये परत घ्या. पॅन आचेवरून उतरवून एक-दीड मिनिट निववा. काळे ठिपके नाहीत, चिकटणं नाही, आणि चव जिथल्या तिथे.

---

मऊसूत

एकच_पॅनशी सहमत, फक्त दोन चमचे जास्त होतात. वर चीजचंही तूप सुटतं. एक चमचा पुरे, बाकीची चरबी झाकून फ्रीजमध्ये ठेवा, बटाटे परतायला उत्तम.

---

खरपूस

थंड पॅन आणि पाण्याची पद्धत मला पूर्ण मान्य, मीही तशीच शिफारस करतो. गाळून घेतलेली चरबी चालेल हेही मान्य. तरी लोणी मी सोडणार नाही, आणि त्याचं कारण चव नाही.

लोण्यात सुमारे १६ ते १८ टक्के पाणी असतं. पॅनमध्ये लोणी टाकलं की ते फसफसतं, आणि फेस बसू लागला की समजायचं, पाणी गेलं, पॅन अंड्यासाठी तयार आहे. लोणी तपकिरी व्हायला लागलं तर पॅन जास्त तापला, तेही डोळ्यांना दिसतं. बेकनच्या चरबीत पाणी नसल्यामुळे ती असा काहीच इशारा देत नाही. १२० अंशांना जशी शांत दिसते तशीच १७० अंशांना. नवख्या माणसाचं ऑम्लेट तिथेच करपतं. म्हणून अर्धा चमचा चरबी आणि अर्धा चमचा लोणी घ्या. वास बेकनचा, इशारा लोण्याचा.

नुसती चरबीच वापरायची असेल तर फेटलेल्या अंड्याचा एक थेंब टाकून बघा. तो हळूच पांढरट होऊन धरला तर ठीक. तडतडून कडा फुलल्या तर पॅन अजून निववा.

बेकन आत कधी जावं, या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. शेवटीच.

---

एकच_पॅन

शेवटी घातलं की सगळं बेकन घडीच्या मधोमध एका ढिगात बसतं. दोन्ही टोकांचे घास नुसत्या अंड्याचे. अंडी ओतल्यावर लगेच अर्धे तुकडे वर पेरा, ते थरात रुततात आणि प्रत्येक घासात येतात. उरलेले अर्धे घडीत, कुरकुरीतपणासाठी. रुतलेले मऊ होतात, होऊ देत. त्यांचं काम चव देण्याचं आहे.

---

बलक

बेकनवर इतकी चर्चा झाली, पण ऑम्लेट जास्त वेळा बिघडतं ते चीजमुळे, हे कुणीच म्हणत नाही.

खापर नेहमी चीजच्या प्रकारावर फुटतं. खरा प्रश्न तापमानाचा आणि किसण्याचा आहे. फ्रीजमधून काढलेलं ४-५ अंशांचं चीज जाड कापून ७०-७५ अंशांच्या अंड्यावर ठेवलंत, तर अंड्याची उष्णता ते वितळवायला पुरतच नाही. मग माणूस पॅन आचेवर ठेवून वाट बघतो, आणि चीज वितळेपर्यंत अंडं चिवट झालेलं असतं. उपाय सोपा: चीज आधी बारीक किसून १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. बारीक किसलेलं चीज अर्ध्या-पाऊण मिनिटात वितळतं.

उलटी चूकही होते. चेडर ६५ अंशांच्या आसपास छान ओघळतं. फार तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि चरबी बाहेर पडते. ताटलीत ऑम्लेटभोवती पिवळ्या तेलाचं कडं दिसलं आणि आतलं चीज रवाळ, रबरी लागलं, तर हेच झालं आहे. जितकं जुनं, मुरलेलं चेडर, तितका हा धोका मोठा. म्हणून या ऑम्लेटला चार-सहा महिन्यांचं, मध्यम मुरलेलं चेडर किंवा ग्रुयेर हे स्विस चीज घ्यावं. मोझरेलाला तार छान सुटते, पण ताजं, पाण्यातलं असेल तर ऑम्लेटच्या पोटात पाणी साचतं, आणि बेकनसमोर ते फिकं पडतं. पार्मेझान घडीत वितळत नाही. घ्यायचंच असेल तर चमचाभर किसून अंड्यात फेटा.

पाकिटातलं तयार किसलेलं चीज शक्यतो टाळा. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. वितळल्यावर ते किंचित पिठूळ लागतं.

---

मऊसूत

मग प्रोसेस्ड चीजची चौकोनी चकती का नको? ती कधीच फुटत नाही, तेल सोडत नाही, नवख्यालाही जमते.

---

बलक

फुटत नाही हे खरं. सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार प्रथिनं आणि चरबी एकत्र धरून ठेवतात, म्हणून ती एकसंध वितळते. पण चवीत ती बेकनपुढे टिकत नाही, शिवाय खारट असते. मधला मार्ग चांगला चालतो: २० ग्रॅम किसलेलं चेडर आणि १० ग्रॅम प्रोसेस्ड चीजचे बारीक तुकडे मिसळा. प्रोसेस्डमधले क्षार चेडरलाही सांभाळून घेतात. गुळगुळीतपणा मिळतो, चवही राहते.

---

चिमूट

मिठाबद्दल कुणी बोललं नाही. नियम साधा आहे: या ऑम्लेटच्या अंड्यात मीठ घालूच नका. ३० ग्रॅम चेडरमधून साधारण अर्धा ग्रॅम मीठ येतं, दोन-तीन पट्ट्या बेकनमधून त्याहून जास्त. वरून घातलं तर खारट होणारच. मिरी भरपूर, मीठ शून्य.

---

खरपूस

इथे असहमत. मीठ चवीइतकंच पोतासाठीही लागतं. फेटलेल्या अंड्यात थोडं मीठ घालून १०-१५ मिनिटं ठेवलं की प्रथिनं एकमेकांना कमी घट्ट धरतात, शिजल्यावर अंडं मऊ राहतं आणि पाणी कमी सोडतं. मिश्रण जरा गडद आणि पातळ दिसतं, त्याला घाबरू नका. तीन अंड्यांना दोन बोटांची एक लहान चिमूट. त्याने खारट होत नाही. खारट होतं ते चीज ३० ग्रॅमऐवजी ६० ग्रॅम घातल्यामुळे.

दूध मात्र घालू नका. दुधाने अंडं पातळ होतं, धरायला वेळ लागतो आणि घडी फाटते. हलकेपणा हवा असेल तर एका अंड्यामागे एक चहाचा चमचा पाणी. त्याची वाफ होते आणि थर फुलतो.

---

घडीमोड

मला गुंडाळलेलं, बाहेरून पिवळंधमक, डाग नसलेलं ऑम्लेट करायचं असतं. बेकन घातलं की गुंडाळताना हमखास फाटतं. आच कमी करून पाहिली, फरक नाही.

---

एकच_पॅन

तुमचं बेकन फार कुरकुरीत आहे. कडक तुकड्याची धार पातळ थराला चिरते. गुंडाळायचं असेल तर तुकडे अर्ध्या सेंटीमीटरचे करा आणि कडांना रंग आला, मधे अजून लवचीक आहेत, अशा वेळी काढा. इथे खरपूस यांचा कुरकुरीतपणाचा आग्रह आड येतो.

---

खरपूस

मान्य, गुंडाळलेल्या ऑम्लेटला लवचीक बेकनच हवं. माझा आग्रह अर्ध्या घडीच्या ऑम्लेटसाठी आहे. शिवाय गुंडाळायला सुरुवात करताना वरचा थर ओलसर, चकचकीत असायला हवा. पूर्ण कोरडा झालेला थर बेकन नसलं तरी फाटतो. मात्र लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस खाणार असेल तर ओलसर ठेवू नका. फेटलेल्या अंड्याचा मधला भाग ७१ अंशांपर्यंत गेलाच पाहिजे. तेव्हा अर्धी घडीच बरी.

---

मऊसूत

अर्ध्या घडीच्या ऑम्लेटमध्ये चीज वितळायला झाकण ठेवावं लागतं, आणि झाकणाखाली बेकन वाफेने मऊ पडतं. म्हणजे खरपूस यांची पद्धतही शेवटी तिथेच येते ना?

---

खरपूस

नाही, क्रम बदलला की सुटतं. फेस बसला की अंडी ओता, दहा सेकंद थांबा. कडा धरल्या की उलथण्याने आत ओढा आणि पॅन तिरका करून ओलं अंडं मोकळ्या जागेत वाहू द्या. मध्यम-मंद आचेवर हे मिनिट-सव्वा मिनिट. वरचा थर ओघळेनासा झाला पण अजून चकचकीत आहे, तेव्हा आच बंद करा. चीज अर्ध्या भागावर पसरा, कडेला बोटभर जागा सोडून. झाकण ४० ते ५० सेकंद. झाकण काढताना ते आडवंच बाजूला सरकवा, आतल्या बाजूला जमलेलं पाणी ऑम्लेटवर पडू देऊ नका. आता वितळलेल्या चीजवर बेकन पसरा, ढीग नको, आणि घडी घाला. खालून चीजचा थर अंड्याची ओल अडवतो, त्यामुळे बेकन ताटलीत येईपर्यंत कुरकुरीत राहतं.

---

एकच_पॅन

खालून अडवतो, पण घडी घातल्यावर वरून उघडं अंडं बेकनवर बसतंच. चीज पूर्ण थरावर पसरा, थोडं विरळ झालं तरी चालेल. मग बेकन दोन्ही बाजूंनी चीजमध्ये राहील. अर्धे तुकडे अंड्यात पेरायचं मात्र मी सोडत नाही.