जळगावहून एका दिवसात कुठे जाता येईल? सोबत सासूबाई आणि दोन मुलं आहेत

चोपड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. आम्ही मागच्या वर्षी पुण्याहून परत जळगावला आलो, मिस्टरांचं काम घरूनच चालतं त्यामुळे आता इथेच राहायचं ठरलंय. पुण्यात असताना दर दोन-तीन रविवारी सिंहगड नाहीतर लोणावळा व्हायचं, इथे आल्यापासून रविवार म्हणजे मेहरूण तलावावर एक चक्कर आणि मग मॉल. मुलं ९ आणि ५ वर्षांची आहेत, ती आता म्हणायला लागलीत की आई जळगावला काहीच नाही बघायला, आणि ते ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण माझं माहेर चोपड्याचं, सातपुडा बघतच मोठी झाले मी. पण तेव्हाही उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आणि मनुदेवी सोडून आम्हाला कोणी कुठे नेलंच नाही.

अडचण एवढीच की सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालतात पण पायऱ्या जास्त नकोत. त्यांना घरी ठेवून आम्ही जाणार नाही हे पक्कं आहे. सकाळी निघून रात्री घरी यायचं, गाडी आहे. गांधी तीर्थ (इथलं गांधीजींवरचं संग्रहालय) दोनदा झालंय. श्रावणात हिरवं असताना कुठे जावं? तोरणमाळ एका दिवसात होतं का? अजिंठा आता करावा का? जे स्वतः गेलेत त्यांनीच सांगा प्लीज.

सातपुडा_भटक्या:
ताई, तोरणमाळ एका दिवसात करूच नका, हात जोडून सांगतो. जळगावहून शहादा गाठायलाच अर्धी सकाळ जाते, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर आणि शेवटी घाट. साधारण ११५० मीटर उंचीवर आहे ते, पावसाळ्यात धुकं असं उतरतं की समोरच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. आम्ही एकदा उशिरा निघालो आणि संध्याकाळी परत उतरताना सात पायरीच्या वळणांवर दोन तास गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पोरं मागे उलट्या करतायत आणि बायको दरवाजाचं हँडल घट्ट धरून बसलेली. त्या दिवशी यशवंत तलाव नीट बघितलासुद्धा नाही, सीताखाईला तर पोचलोच नाही. तिथे मुक्कामीच जा, दिवाळीनंतर, राहायचं आधी ठरवून. आणि डिझेल-पेट्रोल शहाद्यातच फुल करा.

पावसाळ्यात सातपुडाच बघायचा तर रावेर तालुक्यातलं पाल बघा. यावल अभयारण्याचा भाग आहे, १९६९ सालचं अभयारण्य, सागाची झाडं यावेळी अंगावर येतील इतकी हिरवी असतात. गाडीतून उतरलं नाही तरी डोळे निवतात. सुकी नदीवरचं गारबर्डी धरणही त्याच बाजूला आहे, लांबून बघा. सांडव्याजवळ पोरांना नेऊ नका, कितीही गर्दी तिथे उतरलेली दिसली तरी.

तापी_पूर्णा:
आजी सोबत आहेत ना, मग माझं मत मुक्ताईनगर आणि चांगदेव. भुसावळवरून हायवेने सरळ, सव्वा-दीड तासात पोचता. जुन्या लोकांना विचारा, ते अजून एदलाबादच म्हणतात.

आधी कोथळीचं मुक्ताईचं मंदिर करा, आषाढीला पंढरपूरला जाणारी तिची पालखी इथूनच निघते. मग चांगदेव गावाला जा, तिथे तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात, काठावर जुनं दगडी मंदिर आहे. चौदाशे वर्षं जगलेला योगी म्हणून ज्याची ख्याती, तो चांगदेव या लहानग्या मुक्ताईला गुरू मानतो, ही गोष्ट मुलांना तिथेच संगमावर उभं राहून सांगा. मी माझ्या मुलीला सांगितली तेव्हा ती पण ९ वर्षांचीच होती, तिने विचारलं म्हणजे ती माझ्याएवढी होती का? आणि मग परत येईपर्यंत सगळं मुक्ताईबद्दलच विचारत होती, मोबाईल मागितला नाही. यावेळी पाणी गढूळ असतं पण भरपूर असतं, दोन्ही नद्यांचा रंग वेगळा दिसला तर नशीब समजा. पाण्यात मात्र कोणी उतरायचं नाही.

हतनूर धरण तिथून जवळ आहे पण ते हिवाळ्यासाठी राखून ठेवा. थंडीत बाहेरून आलेले पक्षी फुगवट्यावर उतरतात, दुर्बीण घेऊन जा. पावसाळ्यात दरवाजे उघडलेले असले तर लांबून ते दृश्य बघण्यासारखं असतं, फक्त पुलावर गाडी थांबवू नका.

चाळीसगावकर:
पाटणादेवी कोणीच कसं सांगितलं नाही? मी इथलाच आहे त्यामुळे थोडं जास्त लिहितो, माफ करा.

चाळीसगावहून साधारण १८ किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याचाच हा भाग आहे, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मधे चंडिका देवीचं मंदिर. श्रावणात त्या डोंगरांवरून इतक्या धारा पडत असतात की मोजता येत नाहीत. धवलतीर्थ आणि केदारकुंडाला पायी जावं लागतं, तिथे मिस्टर आणि मोठं मूल जाऊन येईल, आजी आणि धाकटं देवीजवळ बसतील. पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगरात आहेत पण आजींसाठी ती अजिबात नाहीत, नुसती चढउतार आहे.

आता मुलांसाठी मुद्दा. हे पाटण म्हणजे गणिती भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव. त्यांच्या नातवाने, त्याचंही नाव चांगदेवच, इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला जमीन आणि उत्पन्न लावून दिल्याचा शिलालेख इथे मिळाला, सन १२०७ च्या सुमाराचा. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या जंगलाच्या तोंडाशी पोरं गणित शिकत होती. माझ्या शाळेत हे कोणी सांगितलं नाही, मला चाळिशीत कळलं, आणि त्यानंतर मी पाहुण्यांना पाटणादेवीला नेल्याशिवाय सोडत नाही.

गाडी नको असेल तर जळगावहून चाळीसगावला रेल्वेने या, तासा-सव्वा तासाचा प्रवास, मुलांना तेच जास्त आवडेल. स्टेशनजवळच केकी मूस यांचं घर आहे, जगभर बक्षिसं मिळवलेला फोटोग्राफर, आयुष्यातली बहुतेक वर्षं त्या घराबाहेर पडला नाही. आता तिथे त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. पाऊस जोरात लागला आणि जंगलात जाणं रद्द झालं तर तिथे दोन तास कसे जातात कळत नाही. जायच्या आधी उघडं आहे का ते विचारून घ्या.

आणि एक कळकळीने. आदल्या रात्री डोंगरात मोठा पाऊस झाला असेल तर येऊ नका. २०२१ च्या ऑगस्टअखेरीला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, आम्ही ते पाणी दारात बघितलंय. ओढ्याचं पाणी अचानक लाल झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला की क्षणभरही विचार न करता वर यायचं. हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा.

अजून एक, मंगळवार-शुक्रवारी देवीला गर्दी असते, आणि रविवारी फोटोवाल्यांची. जमलं तर मधला वार बघा, आणि प्लास्टिक परत घेऊन जा, ते जंगल आमचं आहे.

मंजू_भुसावळ:
अजिंठ्याबद्दल लिहिते. जळगावहून ६० किलोमीटरच आहे आणि पावसाळ्यात वाघूरचा धबधबा समोर कोसळत असतो म्हणजे बघायला हीच वेळ बरोबर. पण सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावून पुढे त्यांच्या बसने जावं लागतं, आणि पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात, माझ्या आईला आम्ही डोलीतून नेलं, सुरुवातीला ती लाजली, पण सोळा आणि सतरा नंबरच्या लेण्यात गेल्यावर बराच वेळ चित्रांसमोरून हललीच नाही. तुमच्या सासूबाईंना डोलीत बसायचा संकोच वाटणार नसेल तर नक्की जा. वाटणार असेल तर आग्रह करू नका, त्यांचा दिवस खराब होईल.

बट्टीवाला_धुळे:
ताई, आपला खान्देशमा काय कमी शे का! मी खाण्यापुरतं सांगतो. पाटणादेवी काय किंवा पाल काय, तिथे चांगलं जेवण मिळेलच असं धरून चालू नका. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं न्या. दुधातल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बट्ट्या पण नेता येतात, वरण थर्मासमध्ये, तूप वेगळं. मुलांना जंगलात बसून वरण-बट्टी चुरून द्या, जन्मभर विसरणार नाहीत. येताना हायवेला शेवभाजी खायची असेल तर मुलांसाठी रस्सा वेगळा आणि कमी तिखट सांगा, न सांगता आली तर पाच वर्षांचं पोर रडेल.

भरीत पार्टीचा विचार आता करू नका, कोणी म्हटलं तरी. ती मजा थंडीची. यावल-बामणोदकडची मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचलेली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि शेतात बसलेली पंगत. डिसेंबरात ओळखीच्या कोणाचं शेत असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

चोपड्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, म्हणून लिहायला बसले.

सासूबाईंना मुक्ताई आणि पाटणादेवी ही दोन्ही नावं सांगितली, त्या लगेच म्हणाल्या मुक्ताई. म्हणून तिकडेच गेलो, सातला निघालो. कोथळीत त्या मंदिरात अर्धा तास बसल्या, आम्ही कोणी त्यांना उठवलं नाही. चांगदेवला पोचलो तेव्हा ढग उतरले होते आणि संगमावर आमच्याशिवाय तीन-चारच माणसं. तापी_पूर्णा, तुम्ही सांगितलेली गोष्ट मी सांगायला घेतली तर सासूबाईंनीच पुढे नेली, त्यांना त्यातलं मला माहीत नसलेलं बरंच माहीत होतं. त्या लग्नाआधी पायी वारीत मुक्ताईच्या पालखीसोबत काही मुक्काम चालल्या होत्या, हे मला लग्नाला बारा वर्षं होऊन काल कळलं. धाकटा त्यांच्या मांडीवर बसून ऐकत होता. दशम्या तिथेच एका झाडाखाली खाल्ल्या.

परत येताना मोठी म्हणाली पुढच्या वेळी गणित शिकवायचे ते जंगल. तर पाटणादेवी रेल्वेने करू, पाऊस थोडा कमी झाला की. त्याआधी एक अर्ध्या दिवसाचं हवंय, एरंडोलजवळचं पद्मालय चालेल का? उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात आहेत ना तिथे, सासूबाईंना ते बघायचंय आणि मुलांना तळ्यातली कमळं. किती वाजता पोचावं?

तापी_पूर्णा:
आजींना माझा नमस्कार सांगा. पद्मालय नक्की करा, एरंडोलहून दहा-बारा किलोमीटर आत आहे. नऊच्या आत पोचा, ऊन चढलं की कमळं मिटायला लागतात.