प्रतिसाद: लोणारचं पाणी उल्केनं आणलं नाही

वर एका दादांनी लिहिलं की उल्का पाणी घेऊन येते, म्हणूनच लोणारचं सरोवर भरलं. नाही हो! खड्डा उल्केनं केला हे खरं, पण पाणी पावसाचं अन् झऱ्यांचं. पृथ्वीवरच्या पाण्याची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, साडेचार अब्ज वर्षांमागची.

हे पाणी आलं कुठून, याचा माग काढतात तो हायड्रोजनवरून. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. क्वचित एखादा हायड्रोजन दुप्पट वजनाचा निघतो, त्याला ड्यूटेरियम म्हणतात. समुद्रात साधारण ६,४०० मागे एक. २०१४ मध्ये रोझेटा यानानं ६७पी धूमकेतूची वाफ मोजली, तर प्रमाण तिपटीहून जास्त! समुद्राचं पाणी अशा धूमकेतूंकडून आलं म्हणावं, तर गोत्रच जुळेना. कार्बनयुक्त उल्कापाषाणांशी मात्र बरंच जुळतं. शिवाय २०२० मध्ये पृथ्वी ज्या मालातून घडली त्याच्याशी मिळत्याजुळत्या, पण कोरड्या समजल्या जाणाऱ्या एन्स्टॅटाइट नावाच्या उल्कापाषाणांतही पुरेसा हायड्रोजन सापडला. म्हणजे पाण्याचा बराच माल पृथ्वी घडतानाच तिच्यात असावा. मला तरी हेच पटतं.

आमचं गाव पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आई म्हणते, हे पाणीच नव्हे. रेणू तोच आहे, आई. त्यात विरघळलेल्या क्षारांनी घोळ केला.