कोबोलची आई कोण?

पंचकार्ड: कोबोल या जुन्या संगणकभाषेचा विषय निघाला की संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपरबाईंचा नौदलाच्या गणवेशातला फोटो हटकून येतो, खाली 'कोबोलची आई'. मला हे खटकतं. सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी धंद्याच्या कामाची एकच भाषा हवी, हा आग्रह धरला बरोज कंपनीच्या मेरी हॉझ यांनी. त्यावर मे १९५९ मध्ये पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, बैठक झाली. पुढे भाषेचा आराखडा प्रत्यक्ष बसून लिहिला त्यासाठी नेमलेल्या समितीतल्या सहा जणांनी. त्यांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी होत्या, हॉपरबाई नव्हत्या. राबले सहा जण आणि बारशात नाव भलत्याचंच!

ओसरीवरून: असहमत. त्या सहा जणांपुढे होतं काय? आयबीएमची कॉमट्रान ही भाषा तेव्हा कागदावरच होती. युनिव्हॅक संगणकावर खरोखर चालत होती ती फ्लो-मॅटिक, हॉपरबाईंची. 'गणिताची चिन्हं नकोत, साध्या इंग्रजी वाक्यांत प्रोग्राम लिहू' हे आधी त्यांनी करून दाखवलं. साहेबांपुढे तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला, तर साहेब हबकले: अमेरिकन यंत्राला फ्रेंच कशी कळेल! हा किस्सा बाई भाषणांत रंगवून सांगायच्या.

पंचकार्ड: किस्सा झकास आहे, पण मग आजी म्हणा की. आकड्यांचा साचा ठरवणारं 'पिक्चर' कॉमट्रानमधून आलं, त्याचं काय? आणि 'आई' या उपाधीला खुद्द सॅमेटबाईंनी हरकत घेतली होती.

दोन_आकडी_वर्ष: आई असो वा आजी, निस्तरलं आम्ही. १९९८ साली पुण्याहून अमेरिकेतल्या एका बँकेच्या कामावर गेलो. वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं, २००० साल '००' म्हणजे १९०० समजलं जाऊ नये म्हणून ते हजारो ओळींतून शोधून काढायचं. एक पूर्णविराम चुकीच्या जागी पडला की अख्खी अट तिथेच संपायची. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा म्हणाले होते की कोबोलने मेंदू लुळा पडतो, ती शिकवणं हा गुन्हाच मानावा. रात्री दोन वाजता मला ते पटायचं.

खरडवही: दोन आकडे हा भाषेचा दोष नाही हो. भोकं पाडून माहिती भरायच्या ऐंशी रकान्यांच्या कार्डावर जागा वाचवायची सवय होती ती. उलट पैसे दशांशात चोख धरणं कोबोलला जमतं, म्हणून तर बँकांनी ती सोडली नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर कोबोल जाणणारे स्वयंसेवक शोधत होते, बेरोजगार भत्त्याच्या अर्जांखाली जुनी यंत्रणा दबली म्हणून.

आणि श्रेयच वाटायचं तर संरक्षण खात्याला द्या. कोबोल नसेल तर तुमचं यंत्र सहसा घेणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि कंपन्या मुकाट कामाला लागल्या. नाहीतर समितीतल्याच हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी काम रेंगाळल्याने वैतागून 'कोबोल' कोरलेला थडग्याचा दगड पेंटॅगॉनला धाडला होता! डिसेंबर १९६० मध्ये मात्र एकच प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या बनावटींच्या यंत्रांवर चालला.

ओसरीवरून: दगडाचं ठाऊक नव्हतं. बरं झालं, बाईंनी साहेबांना मराठी नमुना दाखवला नाही. 'तासांना दराने गुणून पगार काढ': क्रियापद येईपर्यंत यंत्र ताटकळलं असतं.

पंचकार्ड: त्यालाही सहा जणांची समिती लागली असती.